शेंदूर लावलेला तुकडा

आमच्या बयाबाईला अक्षर वाचता येत नाही. पण पलूसजवळच्या आमच्या गावात विमान कशानं पडलं, ते मुंबईहून आलेल्या साहेबांना कळलं तिच्यामुळेच.

साल चौऱ्याहत्तर. उसावर कीड पडली म्हणून औषध फवारायला छोटं विमान आलं होतं. वैमानिकाला पट्टा कळावा म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना पांढरं निशाण घेऊन माणूस उभा करत. एका टोकाला बयाबाईचा नवरा जोतीराम होता, पलटणीतून पेन्शनीवर आलेला. पाचव्या फेरीला विमान त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच कलंडलं आणि बांधावर आपटलं. वैमानिक तरणाताठा पोरगा, जागीच गेला. त्याला बाहेर काढलं ते जोतीरामनंच.

दुसऱ्या दिवसापासून पारावर एकच बोलणं. यानं निशाण विजेच्या तारांजवळ धरलं, तारा चुकवताना पोरगं गेलं. पारावरचा नानासो तर तोंडावर म्हणाला, "लढाईतनं धडधाकट आलास आन् गावात इमान पाडलंस व्हय रं गड्या?" जोतीरामनं पलटणीची टोपी खुंटीला लावली. जेवण तुटलं. बयाबाई ताट वाढायची आणि तसंच उचलायची.

चौथ्या दिवशी तपासाचे साहेब आले. मोडतोड चावडीपुढं मांडली होती. सगळं होतं, फक्त पुढच्या पंख्याचं टोक सापडत नव्हतं. ते मिळालं नाही तर निशाणाचंच कारण लिहावं लागेल, असं ते म्हणाले. पाणी द्यायला आलेल्या बयाबाईनं केवढं टोक ते विचारलं. साहेबांनी वीत दाखवली, तशी ती तांब्या तिथंच ठेवून वरच्या रानाकडं निघाली.

विमान पडलं त्या सकाळी ती तिथं भुईमुगातलं तण काढत, भांगलत होती. वरून घोंघावत काहीतरी पडलं. आभाळातून पडलेली वस्तू घरात नेऊ नये, म्हणून तिनं ती बांधावरच्या म्हसोबापाशी ठेवली, वर शेंदूर लावला. त्या वस्तूचा विमानाशी काही संबंध असेल, हे तिच्या मनातच आलं नाही. हे पडलं तेव्हा विमान चांगलं उडत होतं, मग ते विमानाचं कसं असेल?

म्हसोबाला हात जोडून तिनं तुकडा पदरात आणला. शेंदूर बघून साहेबांनी कपाळाला हात लावला.

"सायेब, तुटलेलं त्वांड कोरंच हाय," बयाबाई म्हणाली. "भंगल्या जागी आमी शेंदूर लावत न्हाई."

साहेबांनी भिंग लावलं. तुटलेल्या कडेचा निम्मा भाग काळपट, निम्मा लख्ख. चीर जुनी होती. मग तिनं त्यांना रानात नेऊन भांगलणीची तिसरी ओळ दाखवली. टेपनं मापलं, तर निशाणापासून जागा फर्लांगभर अलीकडं. पंखा आधीच तुटला होता. जोतीरामचं निशाण आणि तारा दोन्ही पुढंच राहिली होती.

"तुमच्या मालकांचा काही दोष नाही," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

बयाबाईनं नानासोकडं नुसतं बघितलं. त्यानं मान खाली घातली. त्या दुपारी जोतीरामनं दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.

पुढच्या हंगामात दुसरं विमान आलं. निशाण धरायला जोतीराम टोपी घालून उभा राहिला. दुसऱ्या टोकाला कोण, असं विचारताच त्यानं बयाबाईकडं बोट केलं. तिनं आधी त्या मेलेल्या वैमानिक पोराच्या नावानं म्हसोबापाशी उदबत्ती लावली, मग पदर खोचला आणि निशाण उंच धरलं. विमान तिच्या डोक्यावरून गेलं. ती तसूभरही हलली नाही.