कुत्र्याची दिवाळी

नरकचतुर्दशीच्या सकाळी दार उघडलं, तर शेजारी नव्याने राहायला आलेली नेपाळी सरिता सोसायटीतल्या लंगड्या कुत्र्याला टिळा लावत होती. त्याच्या गळ्यात झेंडूची माळही होती.

"आमच्याकडे आज कुत्र्यांचा सण असतो, ताई. वर्षभर राखण करतात ना!"

तेवढ्यात जोशीकाका फिरून आले. या कुत्र्याला हाकला म्हणून तेच सारखी तक्रार करत. मी धास्तावले.

जगात लोक कोणाकोणासाठी एकेक दिवस राखून ठेवतात! आपणही बैलांना पोळा दिला, नागाला पंचमी दिली. दारातला हा मात्र राहूनच गेला होता.

काका वर गेले आणि दुधात कुस्करलेली पोळी घेऊन आले. "फराळ तिखट लागेल त्याला," असं पुटपुटत ते गुडघ्यांवर हात टेकून त्याच्यासमोर बसले.