काचेचा ग्लास आणि अन्वरभाईंचा ताप

पावसाळा सरत आला की दारव्ह्यातल्या आमच्या दवाखान्यात डेंगीचे पेशंट साचतात, आणि त्यांच्यासोबत किस्सेही. पेशंट बरे होऊन घरी जातात. किस्से मात्र आमच्या डबा खायच्या टेबलावर कायमचे ॲडमिट!

डेंगीत हिरड्यांतून रक्त येऊ शकतं, म्हणून मी प्रत्येकाला तोंड उघडायला लावतो. एका काकांनी उघडलं, तर आत तंबाखू-सुपारीचा गच्च खर्रा.
"काका, थुंका आधी. काही दिसत नाही."
काकांनी तो गालात सरकवला. "आत्ताच टाकला ना साहेब. तुमी तवर पोट पाहून घ्या."
मी आधी पोट पाहून घेतलं.

*

अंगावरच्या लाल ठिपक्यावर काचेचा ग्लास दाबतात. ठिपका मावळला तर ठीक, तसाच राहिला तर कातडीखाली रक्त उतरलंय. एका आजींच्या दंडावर मी ग्लास दाबला आणि गावभर झालं, नवे डॉक्टर ग्लास लावून ताप ओढून घेतात! दुसऱ्या दिवशी ओपीडीत बाया घरून ग्लास घेऊन हजर. एकीने हळूच विचारलं, "स्टीलचा चालते काय? काचेचा फुटला."

*

मग आले अन्वरभाई, बसस्टँडमागचे जीप मेकॅनिक, तापाने फणफणलेले. मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, हवा भरली आणि तशीच धरून ठेवली.
"पंक्चर पाहून राह्यले काय?"
खरं तर तेच पाहत होतो. बारीक रक्तवाहिन्या गळत असल्या की पट्ट्याखाली ठिपके उमटतात. पट्टा सोडला, तर हातभर ठिपके.
"मंग ट्यूब बदला," म्हणाले. आम्ही त्यांना भरती करून घेतलं.

*

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. जुलेखाभाभींनी आनंदाने नवऱ्याची पिशवी भरली. मी अन्वरभाईंना हात लावला तर हातपाय गार, नाडी बारीक, पोट दाबलं की कळवळतात. माझी पाचावर धारण बसली.
"भाभी, घरी नाही न्यायचं. खरा धोका आता आहे."
"ताप होता तवा तुमी आरामात होते. उतरला तं घाबरून राह्यले?"
डेंगी असाच फसवतो, हे सांगायलाही उसंत नव्हती. सलाईन लावलं आणि सिस्टर न् मी आळीपाळीने नाडी धरून बसलो. भाभी माझं तोंड पाहत बसल्या.

*

दोन दिवसांनी भाभी रडतच आल्या. "चला लवकर, पूर्ण अंग लाल झालं!"
धावत गेलो. अंग लालभडक, मधेमधे पांढरे ठिपके, आणि अन्वरभाई दोन्ही हातांनी खाजवत होते. हातपाय गरम, नाडी ठणठणीत, पोट मऊ. ही तर बरं होण्याची खूण! मला इतका आनंद झाला की मी सिस्टरला टाळीच दिली.
"अन्वरभाई, आज सुट्टी!"
भाभींनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग भरलेली पिशवी खाटेखाली सरकवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "गुपचूप पडून राहा. मागं आरामात होते, आता तं डॉक्टरसाहेब हसून राह्यले."