उसनं दूध

आमच्या लॅब्रेडोर कुत्रीला पिल्लं होऊन आठ दिवस झाले होते आणि मी जरा सैलावले होते. बोरिवलीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरातली मागची खोली आम्ही बाळंतिणीला दिली होती. कोपऱ्यात लाकडी खोकं, त्यात जुन्या सुती साड्या, वर उबेसाठी पिवळा बल्ब. सात पिल्लं, सगळी एकसारखी फिकट पिवळी. ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा सैलसर बांधला होता. रोज सकाळी मी त्यांना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायची. नवरा म्हणायचा, "या काट्यावर परत लाडवाचं बेसन मोजू नकोस हं."

नोकरी सोडल्यावर मी घरी कुत्र्यांची पैदास करायला लागले. या कुत्रीची ही दुसरी आणि शेवटची खेप ठरवली होती. परवानगीचे कागद, आईबापाची वंशावळ, लसी, माझं सगळं चोख असायचं. त्या चोखपणाचा मला गर्व होता, हे आता कबूल करते. गेटाशी भटकं कुत्रं आलं की मी काठी आपटून हाकलायची.

नवव्या दिवशी सकाळी खोलीत गेले तर कुत्री खोक्याबाहेर उभी. पिल्लं केकाटत होती, पण ती आत जाईना. पाय लाकडासारखे ताठ, अंग थरथरतंय, जीभ बाहेर लोंबतेय. हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, आत्ताच्या आत्ता आणा. आणि पिल्लांना तिच्याजवळ जाऊ देऊ नका."

तिच्या अंगातलं कॅल्शियम सगळं दुधात उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी शिरेत सुई लावली, एका हाताने औषध हळूहळू सोडत, दुसऱ्या हाताने छातीचे ठोके ऐकत राहिल्या. मी तिचे कान कुरवाळत बसले. बऱ्याच वेळाने थरथर थांबली, तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं.

"वाचली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता हिला पाजू द्यायचं नाही. परत असंच होईल."

नवऱ्याने रजा टाकली. आम्ही दोघं बाटल्या घेऊन बसलो. नुसतं दूध पाजून भागत नाही. पिल्लू प्यायलं की ओल्या कापसाने त्याला मागून पुसावं लागतं, आई चाटते तसं, नाहीतर एवढ्याशा पिल्लाला शी-शूही करता येत नाही. अंग गार लागलं तर आधी ऊब, मगच दूध. सातवं आटपेपर्यंत पहिलं परत ओरडायला लागायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी हिरव्या धाग्याच्या पिल्लाला पाजताना माझी घाई झाली. दूध त्याच्या नाकातून आलं. मी उलटं धरलं, पाठ चोळली, फोनवर डॉक्टरीणबाई सांगतील ते सगळं केलं. संध्याकाळच्या आत ते माझ्या तळहातावरच गेलं. नवऱ्याने बिल्डिंगमागे तगरीखाली खड्डा खणला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीणमावशी आल्या. मालाडच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून त्या पाटी घेऊन यायच्या, गेली वीस वर्षं. मी दार उघडून म्हटलं, "आज मासे नकोत." त्यांनी पाटी खाली ठेवली.

"काय झाला गो बाय? कोन गेला का?"

मी दारातच रडायला लागले. सगळं सांगितलं, माझ्या हातून झालेलंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "माझ्या दारात एक काली कुत्री हाय. परवा तिची पिल्लं टेम्पोखाली गेली. थानं भरून दगड झाल्यात, सगलीकडे शोधत फिरते. आनू का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "रस्त्यावरची?"

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दूध काय रस्त्याचा असते का गो?"

मी फोन उचलला. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी माझ्याकडे आणा. तपासते. नीट असली तर याच्यासारखं दुसरं काही नाही."

मावशी उरलेले मासे विकून घरी गेल्या आणि दुपारी कुत्रीला रिक्षात घेऊन दवाखान्यात हजर झाल्या. दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं, तिसऱ्याला त्यांनी मूठभर बोंबील दिले. कुत्री हडकुळी, एका कानाचा तुकडा गेलेला, डोळे मात्र एकदम शांत. रक्त तपासलं, लस दिली, अंग आणि आचळं स्वच्छ केली. डॉक्टरीणबाईंनी एक फडकं तिच्या पोटावर फिरवून माझ्या हातात दिलं. "हे पिल्लांना चोळा. तिला तिचाच वास यायला पाहिजे."

घरी आमची कुत्री आतल्या खोलीत बंद होती. मावशी जमिनीवर उकिडव्या बसल्या, काळीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू काहीतरी बोलत राहिल्या. मी सगळ्यात अशक्त, पांढऱ्या धाग्याचं पिल्लू तिच्यापुढे ठेवलं. तिने हुंगलं. मानेवरचे केस उभे राहिले, घशातून गुरगुर आली. मी हात पुढे केला.

"थांब," मावशी म्हणाल्या. "बघू दे तिला."

ती बघत राहिली. मग तिने जीभ काढली आणि पिल्लाला शेपटीपासून डोक्यापर्यंत चाटलं. एकदा, परत एकदा. आणि स्वतःच आडवी झाली. आम्ही एकेक करून सहाही पिल्लं लावली. खोलीत फक्त चुटूचुटू आवाज. काळीने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. नवरा दारात उभा होता, तो मावशींच्या पायाच पडला. "काय करतो रे बाबा," म्हणून त्या हसायला लागल्या.

आमची कुत्री चार दिवसांत हिंडूफिरू लागली, तेव्हा मला भीती वाटली की दोघी एकमेकींना फाडतील. पहिल्यांदा समोरासमोर आल्या तेव्हा काळीने ओठ वर करून दात दाखवले. आमची उंबऱ्याशी पोट टेकून पसरली आणि तशीच पडून राहिली, तासभर. दुसऱ्या दिवशी हातभर पुढे सरकली. आठवड्याने काळी पाजायची आणि आमची कडेला बसून सुटलेलं पिल्लू चाटून लख्ख करायची. पिल्लांचे डोळे त्याआधीच उघडले होते, आणि त्यांना पहिल्यांदा दिसली ती काळीच.

पिल्लं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगितलं. एका बाईंनी "गटारातल्या कुत्रीचं दूध?" म्हणून नाक मुरडलं. मी त्यांना चहा पाजून निरोप दिला. दुसऱ्या एका जोडप्याने पिल्लाआधी काळीला पाहायचं आहे म्हटलं. त्यांच्याकडे पांढरा धागा गेला.

मी मावशींना विचारलं, हिला आमच्याकडेच ठेवू का? त्या चटकन म्हणाल्या, "नाय. ती माझी हाय. मी तुला उसनी दिली, दान नाय दिली."

पिल्लं आपली आपण खायला लागली, काळीचं दूध आटलं, मग तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून, टाके सुकल्यावर आम्ही तिला कोळीवाड्यात सोडायला गेलो. बांबूंवर बोंबील वाळत होते, बायका फाटकी जाळी सांधत बसल्या होत्या. काळीने रिक्षातून उडी मारली, दोन-तीन दारं हुंगली आणि मावशींच्या ओट्यावर जाऊन पडली. आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मावशींनी चहा दिला. मी म्हणायला लागले, "मावशी, तुमचे उपकार..."

"मला कशाला? तिला सांग," त्या म्हणाल्या आणि आत भाकरी टाकायला गेल्या.

मी ओट्यावर काळीजवळ बसले. एवढी शिकली-सवरलेली बाई, पण कुत्रीला काय सांगायचं ते कळेना. तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. अंगाला सुक्या मासळीचा वास येत होता. मी तिच्या तुटक्या कानामागे खाजवत राहिले, आणि ऊन उतरल्यावर नवरा चला म्हणाला तरी मला उठवेना.