पाचव्या महिन्यात काय झालं

पोट उघडलं, आणि ओव्हरी सापडेनात. ओव्हरी म्हणजे स्त्रीबीजांचं कोठार. तिथे नुसत्या दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, सुतळीएवढ्या. मी टाके घालायला घेतले.

सुभद्रा खर्ड्याकडची, वय वीस. लग्नाला चार वर्षं झालेली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, सुकडीवर जगून बऱ्याच बायकांची पाळी गेली होती. पण गेलेली पाळी परत येते. हिला ती कधी आलीच नव्हती. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, पोट उघडूनच बघायचं. सासूला निकाल हवा होता, सून ठेवायची की माहेरी धाडायची.

मी व्हरांड्यात आले. सुभद्रेची आई खांबाला टेकून बसली होती. सासू उठली.

"वांझ हाय का न्हाई, तेवढं सांगा डाक्तरीनबाई."

माझं डोकं तापलं. "मूल होणार नाही. पण यात तिचा काडीचाही दोष नाही," असं म्हणून मी वर्गात शिकवावं तसं समजावलं. मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतात, मग घटत जातात. जन्मानंतर नवीन एकही होत नाही. हिची पोटातच भराभर आटली, पुढं काही उरलंच नाही.

फार छान समजावलं, असं मला वाटलं.

सासू आईकडे वळली. "म्हंजी खोट हिच्या पोटात हाय. मंग धाकटी बी त्याच पोटातली न्हवं?"

सुभद्रेच्या धाकट्या बहिणीची सुपारी सासूच्याच दुसऱ्या मुलाशी फुटली होती.

"अहो, धाकटीचा काय संबंध? तिला पाळी येते ना?"

"तुमीच म्हनला न्हवं, आईच्या पोटातच झालं म्हून?"

करायला गेले एक, झालं भलतंच. ती सोयरीक तिथेच मोडली. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "डायग्नोसिस बरोबर आहे ना? मग नोट्स लिहा." लिहिल्या.

टाके काढायला सुभद्रेबरोबर फक्त आई आली. सासरचं कुणी पुन्हा फिरकलं नव्हतं. शेवटचा टाका निघाल्यावर आईनं विचारलं.

"डाक्तरीनबाई, पाचव्या महिन्यात मी काय खाल्लं असंल वो?"

"काही नाही मावशी. तुमच्यामुळे नाही झालं."

"लई आठवून बघितलं. आठवतच न्हाई."

सुभद्रा टेबलावर उठून बसली. "कसला पाचवा महिना?"

सगळ्या व्हरांड्याला मी सांगितलं होतं. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला लाज वाटली.

तेव्हापासून रिपोर्ट आधी पेशंटला, दार लावून. नातेवाइकांना नंतर, तेही तिनं हो म्हटलं तर.