मास्टरची ट्रायल

मास्टर शिंपी होते. मानेत गाठी आल्या, लिम्फोमा हे नाव कळलं, सहा महिने सलाइनमधून औषधं झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आजार दिसत नाही. बरा झाला, असं त्या म्हणाल्या नाहीत. हा फरक मास्टरना लगेच कळला. कपडा झालाय आणि होत आलाय, हे तेही गिऱ्हाइकाला वेगवेगळं सांगत.

दर तीन महिन्यांनी तपासणी असे. मास्टर तिला ट्रायल म्हणत. बाई मान चाचपत, मग काखा, पोट, जांघा. रक्त घेत, वजन करत, झोपेत घाम येतो का विचारत. हात चांगला आहे, घाई करत नाहीत, असं मास्टरचं मत होतं. अशा सात ट्रायली झाल्या. आठवी नीट पार पडली तर पुढची तारीख सहा महिन्यांनी, असं ठरलं होतं.

आठवीच्या महिनाभर आधी मास्टर स्वतःच मान चाचपायला लागले. अस्तराखाली राहिलेली दोऱ्याची गाठ ज्या बोटांना सापडते, त्यांना मान काय अवघड? जबड्याखाली डावीकडे शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी लागलं. गिऱ्हाईक बाहीचं माप द्यायला हात लांब करून उभं आणि मास्टरचा एक हात स्वतःच्या गळ्याशी, असं रोज होऊ लागलं. आठवड्यात शर्टाचं बटण पॅन्टचं झालं आणि दुखूही लागलं.

तपासणीच्या सकाळी जागा चुकू नये म्हणून मास्टरनी तिथे निळ्या खडूने फुली मारली.

बाईंनी फुली पाहिली, दाबून पाहिलं. दिवसातून किती वेळा हात लावता, म्हणाल्या. मास्टरना आठवेना. काजं-बटणं करणारी त्यांची बायको बाजूच्या खुर्चीवर होती. तिने सांगितलं, दर टिपेनंतर एकदा.

"दाबून दाबून सुजलीय बहुतेक," बाई म्हणाल्या.

"बहुतेक?"

"बहुतेकच. तीन आठवडे हात लावायचा नाही. उतरली नाही तर तुकडा काढून तपासू."

काज करायला दोन्ही हात लागतात. बायकोने स्वतःचं काम मास्टरना देऊन टाकलं आणि मशीनवर आपण बसली. तिच्या टिपा थोड्या वाकड्या जात. मास्टर काजं करत राहिले, तिच्या टिपांकडे बघत राहिले. तीन आठवड्यांत एवढी काजं झाली की शर्ट कमी पडले.

गाठ उतरली होती. बाईंनी दोनदा शोधली. रक्तही ठीक होतं. त्यांनी कागदावर सहा महिने लिहिलं.

"तीनच ठेवा," मास्टर म्हणाले.

"का? चांगलं चाललंय की."

"सहा महिन्यांत अंग बदलतं, बाई. जुन्या मापावर कुणी शिवत नाही."

मध्ये काही वाटलं तर लगेच या, असं त्या म्हणाल्या. पण आकडा बदलला नाही.

जिन्यात मास्टर थांबले. दम लागला असेल, असं बायकोला वाटलं.

"सहा महिने दाखवू कुणाला?"

"मला दाखवा. महिन्याच्या एक तारखेला. रोज आलात तर ट्रायल घेणार नाही."

मास्टरनी जरा विचार केला.

"सकाळी की दुपारी?"