रविवारची दाढी

मेडशीच्या स्टँडसमोर माझ्या न्हाव्याचं सलून आहे. आरशाखाली तुरटीशेजारी मोबाईल उभा असतो आणि पडद्यावर शेअर बाजाराच्या लाल-हिरव्या रेघा हलत असतात. त्याचा एक डोळा माझ्या गळ्यावर, दुसरा तिकडे.

"सोपं हाय, भाऊ," तो साबण फासत सांगतो. "सकाऊन घ्याचं, दुपारी इकाचं. रातीले जवळ काईच ठेवाचं नाई. मंग झोप मस्त लागते." डोळे मात्र कायम तांबारलेले.

एकदा पडदा लाल झाला आणि वस्तरा माझ्या गळ्यावरच थांबला. मी श्वास रोखला. त्यानं वस्तरा खाली ठेवला, माझी अर्धी दाढी तशीच सोडून घाईघाईनं शेअर विकले आणि स्वतःच म्हणाला, "तुमी आता रविवारीच येत जा, भाऊ. बजार बंद रायते, हात हालत नाई."

तेव्हापासून मी रविवारीच जातो. काल मोबाईल गल्ल्यात होता. त्यानं माझी हनुवटी वर केली, वस्तरा टेकवला आणि लगेच उचलला. हात थरथरत होता.

"आज त बजार बंद हाय ना?" मी विचारलं.

"शुकरवारी इकलंच नाई, भाऊ," तो आरशातल्या मला म्हणाला. "उद्या कसा उघडते, कोनाले मालूम."