आत्याची तात्पुरती ओळ

फळीच्या भिंतीपलीकडचं भांडण ऐकायचं नाही, असं आत्याने ठरवलं होतं. पण फळीला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

“कालपर्यंत चालत होतं, सर!”

“मग कालच का नाही उरकलंस?”

“तुम्ही नक्की काहीतरी बदललंय.”

“माझ्या फोल्डरात मी वाटेल ते करीन! तुझ्या वस्तूला बोट लावलं असेल, तर ही दाढी उतरवीन!”

आत्याने डब्याचं झाकण लावलं. दाढी पणाला लागली म्हणजे जेवण संपलंच.

तशी ती तिथे कुणाचीच आत्या नव्हती. संशोधन केंद्रातल्या मोठ्या कॉम्प्युटरची देखभाल तिच्याकडे होती. पण रागवायची अगदी बापाच्या बहिणीच्या हक्काने, म्हणून संचालकांपासून सगळे तिला आत्याच म्हणत. दाढीवाले सर भूकंपाची गणितं करत आणि भांडणारी मुलगी पुराची; तिला नाव पडलं होतं नदीवाली. सोमवारी तिला परीक्षकांपुढे पाणी कुठवर चढतं ते दाखवायचं होतं. नाही जमलं तर पदवी जाणार पुढच्या वर्षावर, आणि पदवीच्या भरवशावर कबूल झालेली नोकरी जाणार ती कायमचीच. आणि तिचा प्रोग्राम तर सुरू होता होताच मान टाकत होता.

आता यात गोम अशी, की हे प्रोग्राम अवघड गणितं स्वतः करत नाहीत. त्यासाठीची हत्यारं एका जागी ठेवलेली असतात, त्यांना म्हणतात लायब्ररी, आणि सगळे तिथूनच उसनी घेतात. घरात जशी एकच विळी, तसं. पण हत्याराची नवी आवृत्ती येते. नाव तेच, धार वेगळी. एकाला जुनीच लागते, दुसऱ्याचं नवीशिवाय भागत नाही, आणि मग एका म्यानात दोन तलवारी.

आत्याची जन्माची सवय म्हणजे समोर कुणीही असो, आधी विचारायचं, “कुठून घेतलंस?” भाजीला विचारी, चपलेला विचारी, एकदा लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलालाही तिने कोटाबद्दल विचारलं होतं. प्रोग्रामलाही असं विचारायची एक कमांड असते. तिने नदीवालीच्या प्रोग्रामला विचारलं. तो म्हणाला, सरांच्या फोल्डरातून.

सरांनी तिथे काल रात्रीच नवं व्हर्जन आणून ठेवलं होतं. आत्याने ते बाजूला करून जुनं परत ठेवलं. नदी वाहू लागली. तेवढ्यात फळीपलीकडून हाक आली, “आत्या! माझा भूकंप थांबला!”

“थांबला तर बरंच की, सर.”

पण सरांपुढे विनोद चालत नसे. नवं परत ठेवलं, तर नदी आटली. जुनं ठेवलं, की भूकंप बंद. दिवसभर हेच. संध्याकाळी नदीवाली रडायचीही विसरून नुसती नखं खात बसली.

घरी वहिनीने चहा पुढे केला. आत्याने एक घोट घेतला आणि सवयीने विचारलं, “पावडर कुठून घेतलीस?”

“वन्सं, तुम्हीच सांगितलेल्या दुकानातून! स्वतःच धाडायचं, आणि वर स्वतःच विचारायचं!”

आत्याचा कप हातातच राहिला. त्या पोरीच्या प्रोग्रामला सरांच्या फोल्डरात जायला सांगितलं कुणी?

सकाळी तिने तेच शोधलं. कुणीही कॉम्प्युटरवर आला, की आधी एक सगळ्यांसाठीची फाईल वाचली जाते. तिच्यात एक ओळ होती: आधी सरांच्या फोल्डरात बघा. आणि शेजारी टीप: “तात्पुरतं. आठवड्याने काढणे. – आत्या.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कित्येक वर्षांपूर्वी सरांचं एक काम अडलं होतं, म्हणून तिनेच घातलेली ओळ. तो आठवडा काही संपलाच नव्हता. आत्या इतकी हसली की नदीवाली धावत आली.

“काय झालं?”

“चोर सापडला. चष्मा लावून तुझ्यासमोरच बसलाय.”

ओळ काढणार, एवढ्यात सर दारात. “हात लावू नका! त्या ओळीवर माझं चाललंय.”

“आणि हिचं बंद पडलंय. तुमच्या प्रोग्रामच्या पोटातच तुमच्या लायब्ररीचा पत्ता लिहिते. तो आपला तिथे जाईल, बाकीचे सगळ्यांच्या जागेवरची जुनी घेतील.”

“आणि पत्ता विसरला तर?”

“रोज घरी जाताना मी सुरू करून बघेन. चालला, तरच जाईन.”

“रोज?”

“रोज.”

“आणि माझ्या दाढीचं?”

“राहू द्या. चूक माझी होती. आता नदीला वाट द्या बघू!”

सर बाजूला झाले. पोटात पत्ता गेला, ओळ गेली, आणि भूकंप नि नदी एकाच यंत्रात सुखाने नांदू लागले. सोमवारी पाणी जिथे चढायला हवं तिथेच चढलं. नदीवाली पास होऊन आली आणि आत्याच्या गळ्यात पडून असं रडली, की कीबोर्ड पुसावा लागला.

ती नोकरीवर गेली. पुढे सरही निवृत्त झाले, दाढीसकट. यंत्र बदललं, नव्या यंत्रात सरांचा तो प्रोग्रामही आला, पण वापरायला कुणी उरलं नाही. आत्या मात्र रोज संध्याकाळी खांद्याला पर्स अडकवून उभ्या उभ्या तो सुरू करी, पहिली ओळ उमटली की बंद करी आणि मग निघे. नवी मंडळी हसत. “आत्या, हे कुणासाठी हो?”

“तात्पुरतं आहे,” ती म्हणे.

तिच्या निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, मोठा गुच्छ मिळाला. तो धरायला आलेली वहिनी फाटकातून ओरडली, “वन्सं, आता तरी चला! राहिलंय काय तिथे?”

“आले गं.”

आत्या खाली तळघरातल्या आपल्या खोलीत गेली. खांद्याला पर्स तशीच. प्रोग्राम सुरू केला, पहिली ओळ उमटली. तिने तो बंद केला, दिवा मालवला, दार ओढून घेतलं, एकदा ढकलून पाहिलं, आणि जिना चढू लागली.